नदीच्या उतारावरचे गाव : ट्रिम

मंडळी, काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातील मुलांना घेऊन मी असईला गेलो होतो. असई म्हणजे जालना जिल्ह्यातील, भोकरदनच्या बाजूचे एक लहानसे खेडे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते वसले आहे. शाळेच्या पुस्तकात या गावाला एक ओळ मिळते, फार तर दोन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा जनरल आर्थर वेलस्लीने पराभव केला, हीच ती ओळ.

केळणेच्या काठावर उभा राहून मी मुलांना ती लढाई समजावून देत होतो. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते, की मराठ्यांच्या तोफांपुढचा उतार सोडला तर नदी ओलांडायला जागाच नाही. वेलस्लीने पुढे जाऊन पाहिले. नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे बरोबर त्याच्यासमोर दुसरे. पिंपळगाव आणि वरूड. त्याने तर्क केला, की दोन गावे अशी तोंडाला तोंड लावून वसली आहेत, तर त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे. पाहतात तो खरेच उतार होता. तेथून फौज पार करून तो मराठ्यांच्या बगलेवर आला. पुढे जे झाले ते फार भयंकर झाले. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. इंग्रजांकडचीही सुमारे दीड हजार माणसे मेली वा जखमी झाली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव केलेल्या या सेनापतीला म्हातारपणी कोणी विचारले, की तुमच्या हातून झालेली सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर तो वॉटर्लूचे नाव घेत नसे, असईचे घेई.

मी हे सांगत होतो, तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, “सर, पण हा साहेब मूळचा कुठला?” मी बेधडक सांगून टाकले, “इंग्रज. इंग्लंडचा.” मुलाचे समाधान झाले. माझे मात्र रात्री झाले नाही. घरी आल्यावर पुस्तके काढून बसलो, आणि लक्षात आले की आपण मुलाला अर्धवट उत्तर दिले. वेलस्ली जन्मला आयर्लंडमध्ये. त्याचे लहानपण गेले ते तेथील मीथ परगण्यात, ट्रिम नावाच्या गावच्या आसपास. आज आपणांस याच ट्रिमविषयी सांगायचे आहे. हे गाव मी स्वतः पाहिलेले नाही, हे आधीच कबूल करतो. नकाशे, छायाचित्रे आणि पुस्तके यांतून जेवढे फिरता येते तेवढे फिरलो आहे.

ट्रिम हे डब्लिन शहराच्या वायव्येस सुमारे ४५ किलोमीटरांवर आहे. गावातून बॉईन नदी वाहते. आयरिश लोकांना बॉईन म्हणजे आपल्याकडे गोदावरी असावी तशी. पुराणकथा तिच्या काठच्या, जुन्या राजांची टेकडी तारा हीही याच परगण्यातली. आता गंमत पाहा. गावाचे आयरिश नाव ‘आह ट्रिम’. त्यातला ‘आह’ म्हणजे नदीचा उतार. एल्डर म्हणून तिकडे एक झाड होते, पांढऱ्या फुलांचे आणि काळ्या बारीक फळांचे. त्या झाडांपाशी असलेला उतार तो ट्रिम. म्हणजे ज्या माणसाने केळणेवर दोन गावे पाहून उतार ओळखला, तो स्वतः एका उताराच्याच गावाकडचा. यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणत नाही. नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला ते सुचले असते. पण ही गोष्ट मनातून जात नाही एवढे खरे.

उतार म्हटला की वस्ती आली, आणि वस्तीमागून देवस्थान आले. सेंट पॅट्रिकच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकात, त्याचा शिष्य लोमन याने येथे मठ स्थापला अशी परंपरा आहे. पण ट्रिमचा खरा बोलका इतिहास सुरू होतो तो बाराव्या शतकात, आणि तो सुरू कसा होतो हे आपण मराठी माणसांनी नीट ऐकण्यासारखे आहे.

त्या वेळी आयर्लंडमध्ये अनेक राजे होते. त्यांतला लेन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो याला ११६६ साली त्याच्या शत्रूंनी राज्यातून हुसकून लावले. गेलेली गादी परत मिळावी म्हणून तो समुद्र ओलांडून इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे गेला आणि परक्यांची फौज मागून घेतली. ११६९ व ११७० साली नॉर्मन सरदार आयर्लंडात उतरले. डर्मटला गादी मिळाली, पण तो ११७१ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी खुद्द हेन्री फौजफाटा घेऊन आला. पाहुणे आले ते परत गेलेच नाहीत. आता आपल्याकडचे आठवा. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला, दुसरा बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने इंग्रजांशी तह करून त्यांची फौज मागितली. त्याला १८०३ च्या मे महिन्यात पुण्याच्या गादीवर परत आणून बसवले कोणी? याच आर्थर वेलस्लीने. मधे सहाशे वर्षांहून अधिक काळ गेला, देश वेगळे, माणसे वेगळी, तेव्हा दोन्ही गोष्टी एकच आहेत असे कुणी समजू नये. पण वर्गात वसईचा तह शिकवताना शिक्षकांनी डर्मटची गोष्ट जरूर सांगावी. मुलांच्या डोक्यात तह पक्का बसतो.

तर या हेन्रीने ११७२ साली मीथचा सगळा परगणा ह्यू डी लेसी नावाच्या सरदाराला जहागीर दिला. मोबदला काय, तर राजाला लागतील तेव्हा ५० घोडेस्वार सरदार द्यायचे. डी लेसीने आपले ठाणे करायला जागा निवडली ती ट्रिमची, उताराशेजारची. आधी त्याने मातीचा बांध घालून लाकडी गढी उभारली. वर्षा-दोन वर्षांत आयर्लंडचा राजाधिराज रोरी ओ’कॉनर चालून आला आणि गढीची राख झाली. डी लेसीने मग दगडात हात घातला.

ट्रिमचा किल्ला तो हाच. आयर्लंडातील नॉर्मन किल्ल्यांत सर्वांत मोठा. आपल्या राजगड-प्रतापगडाची कल्पना मनात आणू नका. हा भुईकोट आहे, सपाटीवर, नदीला लागून. आपल्या नगरच्या किल्ल्याची आठवण ठेवली तर चालेल, पण तो आणखी लहान, सुमारे ३ एकरांचा. भोवती तटबंदी, तटाला बुरूज, तटाबाहेर नदीचे पाणी वळवून भरलेला खंदक. आणि मधोमध एकटा उभा असलेला बालेकिल्ला. हा बालेकिल्ला फार चमत्कारिक आहे. चौकोनी जाड इमारत घ्या आणि तिच्या चारही बाजूंना मध्यभागी एकेक चौकोनी बुरूज चिकटवा, म्हणजे वरून पाहिले तर क्रुसासारखा आकार होतो आणि बाहेरचे कोपरे मोजले तर भरतात वीस. वीस कोपऱ्यांचा बालेकिल्ला लढाईच्या दृष्टीने शहाणपणाचा म्हणता येत नाही. जितके कोपरे तितक्या सुरुंगाला जागा, आणि पायथ्याशी लपणाऱ्याला आडोसे. मग बांधला कशाला? जाणकार म्हणतात, की तो शत्रूला मारण्याइतकाच लोकांना दिपवण्यासाठी बांधला होता. परगण्यात कुठूनही मान वर केली की धनी कोण हे दिसले पाहिजे. मला हे पटते.

हा बालेकिल्ला एका दमात झाला नाही. ११७० च्या दशकात सुरुवात झाली, आणि तीन टप्प्यांत तेराव्या शतकाच्या आरंभी तो पुरा झाला. हे कसे कळले तेही सांगतो. भिंत बांधताना परांचीसाठी लाकडे भिंतीतच रोवतात, काम झाले की कापून टाकतात, पण टोके आत राहून जातात. त्या टोकांतील वाढीची वर्तुळे मोजून झाड कुठल्या वर्षी तोडले ते हल्ली काढता येते. म्हणजे शिलालेख नसला तरी परांचीचे लाकूड साक्ष देते. गवंड्याने विसरलेल्या लाकडाने इतिहासकाराची सोय केली.

डी लेसीला मात्र आपला किल्ला पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. ११८६ साली तो डरो येथे एका जुन्या मठाच्या जागेवर नवी गढी बांधवून घेत होता. काम पाहायला वाकला असताना एका आयरिश तरुणाने कुऱ्हाडीच्या एका घावाने त्याचे मुंडके उडवले. मुलगा वॉल्टर याने ट्रिमचे काम पुढे नेले. हा वॉल्टर राजाच्या मर्जीतून उतरला, तेव्हा १२१० साली इंग्लंडचा राजा जॉन स्वतः ट्रिमला येऊन ठेपला आणि त्याने किल्ला जप्त केला. गावातले लोक आजही किल्ल्याला ‘जॉन राजाचा किल्ला’ म्हणतात. आणि मौज ही, की राजा किल्ल्यात राहिलाच नव्हता, बाहेर कुरणात तंबू ठोकून राहिला होता असे सांगतात. ज्याने बांधला तो विसरला जातो आणि चार दिवस येऊन गेलेल्याचे नाव राहते, हा प्रकार आपल्याकडेही काही कमी नाही.

पुढची दोन-तीनशे वर्षे मी भरभर ओलांडतो. डी लेसींची वंशकन्या मॉड हिच्याशी लग्न करून जेफ्री डी जेनव्हिल नावाचा फ्रेंच सरदार धनी झाला. १२६३ साली त्याने गावात डोमिनिकन साधूंचा मठ बांधला, आणि म्हातारपणी १३०८ मध्ये सारे ऐश्वर्य सोडून त्याच मठात जाऊन राहिला. १३३० साली बॉईनला मोठा पूर आला, पूल वाहून गेले. त्यानंतर जो दगडी कमानींचा पूल बांधला तो अजून गावात वापरात आहे. गावाला कोट होता, त्याला पाच वेशी होत्या. त्यांपैकी एकच उरली आहे, तिचे नाव मेंढ्यांची वेस. बाजाराला मेंढ्या त्या वेशीतून येत. १३९९ साली किल्ल्यात एक बारा-तेरा वर्षांचा राजपुत्र ठेवलेला होता, त्याच्या बापाने बंड केले म्हणून. तोच पुढे इंग्लंडचा पाचवा हेन्री झाला.

पण एक गोष्ट भरभर सांगून चालणार नाही. पंधराव्या शतकापर्यंत इंग्रजांचा खरा अंमल आक्रसत आक्रसत डब्लिनभोवतीच्या एका पट्ट्यापुरता उरला होता, आणि ट्रिम त्याच्या कडेवर होते. गावात टांकसाळ होती, आयर्लंडची संसद कधी कधी ट्रिमला भरे. १४६५ साली अशीच संसद भरली असता एक कायदा झाला. डब्लिन, मीथ व शेजारच्या परगण्यांत इंग्रजांमध्ये राहणाऱ्या आयरिश माणसांनी इंग्रजांसारखा पोशाख करावा, दाढीमिशा इंग्रजांसारख्या ठेवाव्यात, आणि आडनावही इंग्रजी घ्यावे. आडनाव घ्यायचे कसे? एक तर गावाचे घ्या, किंवा रंगाचे घ्या, काळा, पांढरा, तपकिरी, नाहीतर धंद्याचे घ्या, लोहार, सुतार, आचारी. कायद्यात नमुन्यादाखल गावांची जी नावे दिली होती त्यांत ‘ट्रिम’ हेही होते. आपण विचार करा. उद्या कोणी सांगितले, की तुमचे पिढ्यांचे आडनाव पुसा आणि त्या जागी ‘तांबडे’ लिहा, तर घरात काय होईल? किल्ल्याच्या भिंतीपेक्षा हा कायदा मला जास्त जाड वाटतो. आयर्लंडचा इतिहास वाचताना तोफा आणि तारखा यांच्याआड ही गोष्ट दडून राहते, म्हणून मुद्दाम सांगितली.

किल्ल्यासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर एक उंच मनोरा दिसतो. त्याचा एक अंगच उभा आहे, बाकीचे ढासळले. सेंट मेरीच्या मठाचा हा घंटेचा मनोरा, चौदाव्या शतकातला, सुमारे ४० मीटर उंच. मावळतीचे ऊन पडले की दगड पिवळे दिसतात, म्हणून त्याला ‘पिवळा मनोरा’ म्हणतात. या मठात मेरीची एक मूर्ती होती, नवसाला पावणारी. आयर्लंडच्या चारी कोपऱ्यांतून यात्रा येई. आठव्या हेन्रीच्या काळात धर्मसुधारणेच्या लाटेत १५३८ साली ती मूर्ती जाळण्यात आली, आणि मठही बंद झाला. पुढे १६४९ च्या सप्टेंबरात क्रॉमवेलने नदीच्या खालच्या अंगाला ड्रोहेडा शहरात भयंकर कत्तल केली. ती बातमी ऐकून ट्रिमचे शिबंदीवाले ठाणे सोडून निघून गेले. मनोरा क्रॉमवेलच्या तोफांनी पडला असे लोक सांगतात. आयर्लंडात जे जे पडले ते क्रॉमवेलने पाडले असे म्हणण्याची रीत आहे, जशी आपल्याकडे कुठलेही फुटके देऊळ एकाच बादशहाच्या नावावर टाकण्याची. तेव्हा अशी वाक्ये चिमूटभर मीठ घालूनच ऐकावीत.

मठाच्याच आवारात एक घर आहे, टॅलबटचा किल्ला म्हणतात त्याला. नावाचाच किल्ला, प्रत्यक्षात दगडी वाडा. १४१५ साली इंग्रज राजप्रतिनिधी सर जॉन टॅलबट याने तो करवून घेतला. ट्रिममधील सगळ्या इमारतींत मला सर्वांत ओढ कशाची असेल तर या वाड्याची. कारण त्याच्यात माणसे राहिली, आणि कशी कशी माणसे! ‘गलिव्हरचा प्रवास’ लिहिणारा जोनाथन स्विफ्ट १७०० सालापासून जवळच्याच लॅराकोर गावी धर्मोपदेशक होता. त्याची जिवलग मैत्रीण एस्थर जॉन्सन, जिला तो स्टेला म्हणे, तिच्या आणि मग स्विफ्टच्या मालकीचा हा वाडा काही काळ होता. लॅराकोरच्या देवळात माणसे फार कमी येत. एकदा म्हणे फक्त त्याचा कारकून रॉजर तेवढा हजर होता, तर स्विफ्टने “प्रिय बंधुजनहो” या ठरीव शब्दांच्या जागी “प्रिय रॉजर” अशी सुरुवात करून प्रार्थना पुरी केली. खेड्यातल्या शाळेत पटावर एकच मूल हजर असताना तास घेतलेल्या शिक्षकाला ही गोष्ट कळेल.

पुढे वाड्यात शाळा भरू लागली. लहान आर्थर वेलस्ली काही दिवस ट्रिमच्या या शाळेत होता असे सांगतात. पण शाळेचे खरे भूषण दुसराच विद्यार्थी. विल्यम रोवन हॅमिल्टन. जन्म १८०५, डब्लिनचा. तो तीनेक वर्षांचा असतानाच त्याला ट्रिमला चुलत्याकडे पाठवले. चुलता जेम्स हॅमिल्टन हा शाळेचा मुख्य होता आणि भाषांचा मोठा व्यासंगी होता. गणित शिकलेल्यांना हॅमिल्टन माहीत आहे. १६ ऑक्टोबर १८४३ ला डब्लिनला कालव्याकाठी बायकोबरोबर फिरत असताना त्याला क्वाटर्नियनचे सूत्र सुचले आणि ते त्याने तेथल्या तेथे चाकूने पुलाच्या दगडावर कोरले. पण आपल्याला आज त्याचे गणित नको, त्याचे लहानपण हवे. त्याच्या वडिलांच्या एका पत्रात या मुलाने बालवयात पायाभरणी केलेल्या भाषांची यादी आहे. हिब्रू, फारसी, अरबी, संस्कृत, हिंदुस्थानी, मलायी, बंगाली आणि, मंडळी, मराठी!

बापाच्या कौतुकाला थोडी सूट द्यायला हवी. दहा-बारा वर्षांच्या पोराला मराठी ‘येत’ होते म्हणजे काय येत होते, कोण जाणे. पण बॉईनच्या काठी, त्या जुन्या वाड्यात, एक आयरिश मुलगा आपल्या भाषेशी झटत बसला होता, ही कल्पनाच मला हलवून टाकते. त्याच्यापर्यंत मराठी पोचले कसे? याचे एक टोक पुन्हा ट्रिमच्या शिवारातच आहे. आर्थरचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली १७९८ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला. कंपनीच्या कारकुनांना येथल्या भाषा याव्यात म्हणून त्याने १८०० साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढले. तेथे मराठी शिकवायला विल्यम केरी होता. त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश. ज्या वर्षी व्याकरण निघाले त्याच वर्षी हॅमिल्टन जन्मला. म्हणजे एका घरच्या दोन भावांपैकी एकाने मराठी राज्य मोडायला हातभार लावला आणि दुसऱ्याच्या कॉलेजामुळे मराठी छापखान्यात गेली. दोन्ही कामे कंपनीच्या सोयीसाठीच झाली, याविषयी मला शंका नाही.

हे वेलस्लींचे घर कुठे होते? ट्रिमपासून दोन-तीन कोसांवर डॅंगन येथे. आयर्लंडात पिढ्यानपिढ्या राहिलेले हे इंग्रज वंशाचे प्रॉटेस्टंट जमीनदार. पूर्वी आडनाव वेस्ली असे लिहीत, १७९८ मध्ये ते वेलस्ली झाले. १७९३ साली रिचर्डने डॅंगनची मालमत्ता विकली, १८०९ मध्ये वाडा जळाला, आता भिंती उभ्या आहेत. त्याआधी १७९० साली, वयाला २१ वर्षे पुरी होतात न होतात तोच, आर्थर ट्रिमतर्फे डब्लिनच्या संसदेत निवडून गेला होता. त्या संसदेत देशातील बहुसंख्य असलेल्या कॅथलिकांना बसायची बंदी होती. म्हणजे ट्रिमचा प्रतिनिधी हा ट्रिमच्या बहुतेक लोकांचा प्रतिनिधी नव्हताच. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाल्यावर १८२९ साली त्यानेच कॅथलिकांना संसद खुली करणारा कायदा पास करवून घेतला. राजा नाखूश, पक्ष नाखूश, एका उमरावाशी तर पिस्तुलाचे द्वंद्व करावे लागले. तबेल्यात जन्मला म्हणून कोणी घोडा होत नाही, असे वेलिंग्टन स्वतःविषयी म्हणाला, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते. ते चूक आहे. तो टोला आयरिश पुढारी डॅनिएल ओ’कॉनेल याने वेलिंग्टनला मारला होता.

वॉटर्लूनंतर दोन वर्षांनी, १८१७ साली, मीथच्या लोकांनी ट्रिममध्ये वेलिंग्टनचा स्तंभ उभारला. उंच खांब आणि वर त्याचा पुतळा. आता असईच्या तारखेकडे पुन्हा एकदा पाहा. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. त्याच्या तीन दिवस आधी, २० सप्टेंबरला, डब्लिनमध्ये रॉबर्ट एमेट या पंचविशीतल्या आयरिश क्रांतिकारकाला इंग्रज सरकारने फाशी दिले होते. एका आठवड्यात आयर्लंडचा एक मुलगा इंग्रज राज्याविरुद्ध उठला म्हणून मेला, आणि दुसरा त्याच राज्यासाठी आमच्या नदीकाठी जिंकला. ‘साहेब कुठला?’ या प्रश्नाला ‘इंग्लंडचा’ हे उत्तर का पुरत नाही ते येथे दिसते.

१९२२ साली आयर्लंडचे स्वतंत्र राज्य झाले. डब्लिनमधील नेल्सनचा स्तंभ १९६६ च्या मार्चमध्ये सुरुंगाने उडवला गेला. ट्रिमचा वेलिंग्टन मात्र अजून वर उभा आहे. असे पुतळे ठेवावे की काढावे, यावर आपल्याकडेही वाद झाले आहेत, आणि पुतळे हललेही आहेत. माझे मत विचाराल तर सांगतो, पण ते घाटावरच्या माणसाचे मत समजा. ट्रिममध्ये जे जे उभे आहे ते बहुतेक बाहेरून आलेल्या धन्यांनी उभारलेले आहे. किल्ला डी लेसीचा, वाडा टॅलबटचा, मठ परकी सरदाराचा. ते सगळे काढायचे म्हटले तर नदी तेवढी उरेल. गावाने तसे केले नाही. १९९३ साली सरकारने किल्ला त्याच्या उमराव मालकाकडून विकत घेतला, उत्खनन व डागडुजी केली आणि २००० साली तो लोकांसाठी उघडला. मधेच ‘ब्रेव्हहार्ट’ या स्कॉटलंडच्या लढ्यावरील सिनेमाचे चित्रीकरण तेथे झाले. इंग्रजांविरुद्धच्या लढ्याचा सिनेमा इंग्रज राजांच्या किल्ल्यात! पण स्तंभ ठेवणे वेगळे आणि स्तंभावर लिहिले तेवढेच शिकवणे वेगळे. असईला मेलेल्या गोलंदाजांची नावे कोणत्या खांबावर आहेत, हा प्रश्न ट्रिमच्या मुलांनीही कधीतरी विचारावा असे मला वाटते.

गावापासून मैलभर नदीच्या खाली न्यूटाउन नावाची जागा आहे. तेथे बिशप सायमन डी रॉशफोर्टने १२०६ साली मोठे देऊळ बांधले, आयर्लंडातील सर्वांत मोठ्या देवळांपैकी एक. आज त्याचे अवशेष गवतात उभे आहेत. नदीपलीकडच्या रस्त्यावर एक फाटक आहे, तेथे उभे राहून भग्न भिंतींकडे तोंड करून हाक मारली की ती स्पष्ट परत येते. आपल्या विजापूरच्या गोल घुमटात जशी मुले ओरडतात तशीच तेथे ओरडतात.

त्याच आवारात सोळाव्या शतकातील एक थडगे आहे, सर ल्यूकस डिलन आणि त्याची बायको जेन यांचे. दोघांच्या दगडी मूर्ती उताण्या निजलेल्या, आणि दोघांच्या मधे एक तलवार कोरलेली. हा मनुष्य आपल्या काळचा मोठा न्यायाधीश होता. गावाने मात्र त्याची न्यायाधीशी केव्हाच विसरून टाकली. मधली तलवार पाहून लोकांनी ठरवले, की नवरा-बायकोत संशय आला असणार, आणि थडग्याला नाव पडले ‘संशयी नवरा-बायको’. अंगावर चामखीळ असेल तर टाचणी घ्यायची, चामखिळीवर घासायची आणि या दोन मूर्तींच्या मधे ठेवून यायची. टाचणी गंजत गेली की चामखीळ झडते, अशी समजूत आहे. छायाचित्रात मी नीट पाहिले. तलवारीच्या दोन्ही अंगांना, दगडाच्या खाचेत, टाचण्याच टाचण्या आहेत. काही गंजून लाल झालेल्या आहेत, आणि काही अगदी नव्या.